सभागृहाची किल्ली द्या : बेळगाव भागातल्या शिक्षणसंस्थांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष, संचालक, प्राचार्य आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी नुकतीच सरली. गल्लोगल्ली पोरांनी बांधलेले किल्ले अजून उभे आहेत आणि पुढचा पावसाळा सात महिने लांब आहे. तरीही हे पत्र पावसाळ्याबद्दलच आहे, कारण जूनमध्ये जे व्हायला हवं त्याचा ठराव तुमच्या बैठकीत आत्ताच यावा लागतो. देणगी मागत नाही, नवी इमारत बांधा असंही म्हणत नाही. तुमच्या संस्थेचं सभागृह आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना फुटसाल, म्हणजे हॉलमध्ये पाच-पाच जणांनी खेळायचं फुटबॉल, खेळायला उघडून द्या, एवढी मागणी आहे.

मी अठ्ठावीस वर्षं मराठी शाळेत पीटीचा मास्तर होतो. खानापूर तालुक्यात नोकरीला लागलो, बेळगावात निवृत्त झालो. अजूनही संध्याकाळी दहा-बारा मुलं माझ्याकडे खेळायला येतात. २०२४ च्या एप्रिलअखेर बँकॉकला फुटसालच्या आशियाई चषकाचा अंतिम सामना झाला. इराणनं यजमान थायलंडला ४-१ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी त्या सामन्यातले गोल आम्ही शाळेच्या कट्ट्यावर बसून मोबाइलवर पाहिले. एवढासा पडदा आणि त्यावर वाकलेली सात डोकी. मला वाटलं, आता पोरं इराणच्या गोलांबद्दल बोलत सुटतील. नववीतला एक जण एकदम म्हणाला, “सर, हे तर आपल्या हँडबॉलचं मैदान हाय की!”

त्याचं अगदी बरोबर होतं. फुटसालचं मोठ्या स्पर्धेतलं मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असतं. हँडबॉलचंही तेवढंच. गोलाचे खांब ३ मीटर अंतरावर, आडवी दांडी २ मीटर उंचीवर, हेही दोन्हीकडे सारखं. हा योगायोग नाही. १९३० मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकानं हा खेळ बसवला. उरुग्वेनं त्याच वर्षी फुटबॉलचा पहिला विश्वचषक जिंकला होता, पोरांना फुटबॉलशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं आणि सगळ्यांना पुरतील एवढी मैदानं नव्हती. सेरियानींनी वायएमसीए या युवकांच्या संस्थेच्या बंदिस्त हॉलमध्ये पोरं खेळवली. एका बाजूला पाच खेळाडू आणि चाळीस मिनिटांचा वेळ त्यांनी बास्केटबॉलकडून घेतला, मैदान आणि गोल हँडबॉलकडून, गोलरक्षकाचे नियम वॉटर पोलोकडून. म्हणजे हॉलमध्ये जे हाताशी होतं त्यातून एका मास्तरानं मुलांसाठी खेळ उभा केला. मला हे वाचलं तेव्हापासून राहवत नाही. आपल्याकडेही हॉल आहेत, मुलं आहेत, हँडबॉलचे खांब कित्येक शाळांच्या मागच्या अंगाला गंज खात पडलेले आहेत.

कुणी म्हणेल, बेळगावात टर्फ झालेत की, पोरं तिथं पाच-पाच जणांचं फुटबॉल खेळतातच. खेळतात, आणि टर्फवाल्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. रात्री दिव्याखाली का होईना, पोरं घाम गाळतात हे चांगलंच आहे. पण ते फुटसाल नव्हे. टर्फवर खाली कृत्रिम गवत आणि रबराचे दाणे, चारी बाजूंना जाळी. चेंडू जाळीला आपटून परत येतो, त्यामुळे पास चुकला तरी चालून जातं. फुटसालमध्ये रेषेबाहेर गेलेला चेंडू गेलाच, तो समोरच्यांना मिळतो. जमीन कडक आणि गुळगुळीत असते. चेंडू चार नंबरचा, ६२ ते ६४ सेंटीमीटर घेराचा, आणि मुद्दाम कमी उसळणारा. दोन मीटर उंचीवरून सोडला तर ५० ते ६५ सेंटीमीटरच वर येतो. असा चेंडू पायाच्या तळव्याखाली दाबून ठेवता येतो, तळव्यानंच मागं ओढता येतो, फिरवता येतो. टर्फवर वर्षभर खेळलेल्या पोराला हा चेंडू दिला तर पहिला अर्धा तास तो नुसता शोधत बसतो की हा उडत का नाही.

टर्फचं आणखी एक आहे. तासाचं भाडं दहा जणांनी वर्गणी काढून भरायचं. ज्याच्याकडे वर्गणी नाही तो जाळीबाहेर सायकल धरून उभा. मी अशी मुलं पाहिलेली आहेत. त्यातल्या एकाचा डावा पाय असा होता की मी माझ्या सगळ्या नोकरीत तसा दुसरा पाहिला नाही.

नियमांबद्दल थोडं सांगतो, कारण संचालक मंडळात बसलेल्यांपैकी पुष्कळांनी हा खेळ पाहिलेला नसेल, आणि पाहिल्यावाचून हॉल कोण देईल? वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबतं, त्यामुळे वेळ काढूपणा करून उपयोग नाही. बाहेर गेलेला चेंडू हातानं फेकायचा नाही, रेषेवर ठेवून पायानं मारायचा, आणि तोही चार सेकंदांत. गोलरक्षकालाही आपल्या अर्ध्या भागात चेंडू चार सेकंदांपेक्षा जास्त धरता येत नाही. पंच हात वर करून बोटांनी सेकंद मोजतो. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, खेळ न थांबवता. एका डावात संघाचे पाच फाउल होईस्तोवर ठीक, सहाव्यापासून समोरच्याला थेट फटका मिळतो, मध्ये खेळाडूंची भिंत उभी करता येत नाही. म्हणजे दांडगाई करणारा संघ स्वतःच्याच मानेवर सुरी ठेवतो. मला या खेळात सगळ्यांत आवडतं ते हेच. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला “आडवा पाय घालू नको” असं मी शंभर वेळा सांगितलं तरी जे कळत नाही ते त्याला सहाव्या फाउलला कळतं.

आणि चार सेकंद! आमच्याकडे एक लाजरा मुलगा होता, वर्गात उभं केलं तर तोंडातून शब्द फुटायचा नाही. फुटसाल खेळायला लागल्यावर दोन महिन्यांत तो मैदानावर सगळ्यांत मोठ्यानं ओरडायला लागला. “माघारी दे, माघारी दे! एकटा हायस!” चार सेकंदांत ठरवायचं असेल तर लाजून कसं चालेल? पुढे तो वर्गातही बोलायला लागला. त्याच्या आईनं मला बाजारात गाठून हे सांगितलं होतं.

आता आशियाबद्दल. आशियाई चषकाची स्पर्धा १९९९ मध्ये क्वालालंपूरला सुरू झाली. २०२४ पर्यंत ती १७ वेळा झाली आणि त्यात १३ वेळा इराण जिंकलं, ४ वेळा जपान. तोवर तिसऱ्या देशाचं नाव या यादीत लागलं नव्हतं. १९९९ ते २००५ सलग सात वर्षं इराण. २००६ मध्ये ताश्कंदला जपाननं ती साखळी तोडली, मग २०१२, २०१४ आणि २०२२ मध्येही जपान जिंकलं. कोविडमुळे २०२० ची स्पर्धा झालीच नाही. पुढची स्पर्धा २०२६ च्या जानेवारीअखेर इंडोनेशियात ठरली.

इराणच का, हा प्रश्न पोरांनी मला विचारला होता, आणि मी उत्तर शोधत गेलो तेव्हा थेट आपल्या गल्लीत येऊन पोचलो. इराणमध्ये पोरं गल्लीबोळांत दोन छोटे गोल मांडून फुटबॉल खेळतात. त्याला ते ‘गोल कुचिक’ म्हणतात, म्हणजे छोटा गोल. प्लास्टिकचा हलका चेंडू, अरुंद रस्ता, दोन्हीकडे भिंती, मध्येच जाणारी माणसं. अशा जागेत चेंडू टिकवायचा तर पायात जादू हवी. हीच पोरं मोठी होऊन हॉलमध्ये गेली. वाहिद शमसाई त्यांच्या राष्ट्रीय संघातून साडेतीनशेहून जास्त गोल करून गेले, आणि २०२४ मध्ये बँकॉकला संघाचे प्रशिक्षक म्हणून तेच उभे होते. २०१६ च्या विश्वचषकात याच इराणनं ब्राझीलला पेनल्टींवर बाहेर काढलं आणि तिसरा क्रमांक मिळवला.

आता तुम्हीच सांगा, नार्वेकर गल्ली, भांदूर गल्ली, खडक गल्ली इथं दुसरं काय चालतं? वडगाव, शहापूरच्या बोळांतून पोरं चपलांचे गोल मांडून खेळतात, मध्येच दुचाकी आली की “थांब, थांब” म्हणून चेंडू पायाखाली दाबतात. चेंडू तळव्याखाली दाबणं, हा फुटसालचा पहिला धडा. आपली पोरं तो कुणी न शिकवता शिकलेली असतात. इराणमध्ये गल्लीतून हॉलमध्ये जायला वाट होती. आपल्याकडे गल्ली आहे, हॉल आहे, मधलं दार बंद आहे.

आणि हे फक्त मोठ्या, श्रीमंत देशांचं काम आहे असंही नाही. २०२४ ला बँकॉकमध्ये उपांत्य फेरीत चार देश होते: इराण, थायलंड, उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान. ताजिकिस्तानची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या दुप्पट. त्या देशातली पोरं आशियात पहिल्या चारांत आली आणि त्याच वर्षी विश्वचषकही खेळली.

भारताचा राष्ट्रीय संघ आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत पहिल्यांदा उतरला तो २०२३ मध्ये, आणि तोही याच ताजिकिस्तानात, दुशांबेला. विजय मिळाला नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं देशातल्या क्लबांची फुटसाल स्पर्धाच मुळी २०२१ मध्ये सुरू केली, तिथून दोन वर्षांत काय होणार? पण २०२५ च्या सप्टेंबरात कुवेतला पुन्हा पात्रता फेरी झाली. इराणचे रझा कोर्दी आपल्या संघाचे प्रशिक्षक होते. कुवेत आणि ऑस्ट्रेलियाकडून आपण हरलो, पण मंगोलियाला हरवलं. भारताचा फुटसालमधला हा पहिला विजय. इंडोनेशियाला जायला तो पुरला नाही. तरी ती बातमी आली त्या संध्याकाळी मी पोरांना पेढे वाटले, आणि का वाटतोय हे समजावून सांगायला मला वीस मिनिटं लागली.

त्या संघात मिझोरामची मुलं होती. मिझोराम म्हणजे सगळा डोंगर, सपाट जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिथली मुलं लहान जागेत खेळायला शिकली आणि देशाच्या संघात आली. आपल्याकडे जागेची अडचण नाही. आपली अडचण पाऊस आहे.

हे बेळगावकरांना मी वेगळं सांगायला नको. मृग लागला की लेले मैदानावर पाणी साचतं, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पाय घोट्यापर्यंत रुततो. शहरात हे, तर जांबोटी, कणकुंबीकडे विचारूच नका, तिथं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि त्याच महिन्यात मैदानं बंद होतात. नव्या वर्षाचा उत्साह, नवे बूट, नवी मुलं, सगळं असतं आणि खेळायला जागा नसते. सप्टेंबरअखेर चिखल वाळतो तोवर सहामाही परीक्षा आणि दसऱ्याची सुट्टी येते. वर्षातले चार महिने असे वाया जातात. पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्षं धरली तर एका मुलाचे चाळीस महिने. सव्वातीन वर्षांहून जास्त! इतक्या वेळात पाय शिकून तयार होतो.

आणि हेच चार महिने तुमचे हॉल बहुतेक रिकामे असतात. आपल्याकडे पावसाळ्यात लग्नं कमी, स्नेहसंमेलनं डिसेंबरात. मोठे कार्यक्रम म्हणाल तर १५ ऑगस्ट, शिक्षक दिन, गणपतीत एखादी स्पर्धा. बाकीचे दिवस कुलूप.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली गोष्ट सांगतो. संस्थेचं नाव सांगणार नाही, त्यांना नावं ठेवायला हे पत्र नाही. हॉल मोठा, फरशी गुळगुळीत, वर पत्रा, खाली एक थेंब गळत नाही. मी अर्ज घेऊन गेलो. क्लार्क म्हणाले, मुख्याध्यापकांना भेटा. मुख्याध्यापक म्हणाले, माझी काही हरकत नाही, पण सेक्रेटरींना विचारा. सेक्रेटरी म्हणाले, अध्यक्षसाहेब गावाला गेलेत. चौथ्या खेपेला शिपायानं सांगितलं की किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत. त्या दिवशी माझ्याबरोबर अकरा मुलं होती. बाहेर मुसळधार पाऊस. हॉलच्या पायऱ्यांवर, वळचणीखाली, पोरं दप्तरं पोटाशी धरून तासभर बसली. दाराच्या काचेतून आतली रिकामी जमीन दिसत होती. एकानं काचेला नाक लावून पाहिलं आणि तिथंच फुंकर मारून बोटानं छोटा गोल काढला, मध्ये एक चेंडू. मला अजून तो दिसतो.

त्या सगळ्या खेपांत मला कुणीही “नाही” म्हटलं नाही. सगळे सौजन्यानं बोलले, चहाही मिळाला. पण “हो” म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र मी एकट्या मुख्याध्यापकांना लिहीत नाही, संचालक मंडळांना लिहितो आहे. ठराव झाला, तो वहीत उतरला आणि किल्ली कुणाकडून घ्यायची, संध्याकाळी किती वाजता परत करायची, हे त्यात लिहिलं गेलं की पुढची अडचण उरत नाही.

तुमच्या शंका मला ठाऊक आहेत, कारण मी त्या पायऱ्यांवरच ऐकल्या आहेत. फरशी खराब होईल. होणार नाही, पोरं सपाट तळव्याचे, डाग न पाडणारे बूट घालतील, आणि ज्यांच्याकडे ते नाहीत ती अनवाणी खेळतील. स्टडचे बूट घालून कुणी आत आला तर मीच त्याला बाहेर काढीन. काचा फुटतील. चेंडू जमिनीवर चालणारा खेळ आहे, तरीही गोलामागच्या खिडक्यांना जुनी जाळी बांधायची, ती आम्ही आणू. विजेचं बिल? पाच ते सात एवढा वेळ धरला तर पावसाळी अंधारात दिवे लागतील हे खरं. त्याचे पैसे पालक आणि माजी विद्यार्थी मिळून देतील, मी स्वतः चार जणांशी बोललो आहे. हॉल ४० मीटरचा नाही असं काही जण म्हणाले. तो तसा नसला तरी चालतं. आंतरराष्ट्रीय सामन्याला मैदान मोठं लागतं, पण एरवीच्या सामन्यांना नियमच २५ मीटर लांबी आणि १६ मीटर रुंदी चालवून घेतो. लहान मुलांना तर याहून छोटं पुरतं.

अपघाताची काळजी मात्र खरी आहे आणि तिच्यावर मी उडवाउडवीचं उत्तर देणार नाही. फरशीवर पडलं तर लागतं. ओल्या बुटांनी आत आलं तर घसरतं. म्हणून दारात गोणपाट, आत कोरडे बूट, प्रथमोपचाराची पेटी आणि एक मोठा माणूस पूर्ण वेळ हजर, याच्याशिवाय एकही दिवस खेळायचं नाही. माझ्याबरोबर काम केलेले तीन निवृत्त क्रीडाशिक्षक आळीपाळीनं यायला तयार आहेत.

आता एक दुखरी गोष्ट. सीमाप्रश्नावर मी इथं लिहीत नाही, त्याची जागा वेगळी आहे. पण मैदानावर त्याची सावली पडते ती तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडच्या एका मुलाच्या बाबतीत असं झालं. राज्य पातळीच्या एका निवड चाचणीची नोटीस आली, ती कन्नडमध्ये, गुरुवारी दुपारी, कुणाच्या तरी मोबाइलवर. चाचणी शनिवारी सकाळी बेंगळुरूला. इथून पाचशे किलोमीटर. बापाला नोटीस वाचता येईना. मुलगा कन्नड शिकलेला, त्यानंच ती बापाला वाचून दाखवली. वयाचा दाखला, फोटो, शाळेची सही, हे सगळं गोळा करेस्तोवर रात्रीची गाडी निघून गेली. पुढच्या वर्षी त्याच्या मामानं त्याला कोल्हापूरला नेलं. कोल्हापूर म्हणजे फुटबॉलची पंढरी, तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवर खचाखच गर्दी. तिथं पोराचा खेळ सगळ्यांना आवडला. मग कागदपत्रं मागितली आणि कळलं की हा कर्नाटकातला. इकडे आम्ही लांबचे, तिकडे बाहेरचे. तो मुलगा आता उद्यमबागेत कामाला जातो. चांगला कमावतो, भेटला की पाया पडतो. पण खेळ सुटला तो सुटलाच.

मला त्या दोन्हीकडच्या लोकांशी भांडायचं नाही. मला एवढं दिसतं की आपल्या भागातच, आपल्या संस्थांमध्येच नियमित स्पर्धा चालू असती तर त्या पोराचं नाव तीन वर्षं आधीच बेंगळुरूपर्यंत गेलं असतं. चाचणीच्या दिवशी पळापळ करावी लागते ती ज्याला कुणी ओळखत नाही त्याला. बंडू पाटील बेळगावचे, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या हॉकी संघात होते. त्या काळी इथं मैदानांवर रोज हॉकी चालायची, म्हणून इथला खेळाडू तिथवर पोचला. रोजच्या खेळातूनच वर जाता येतं.

आणि ही स्पर्धा फक्त मराठी शाळांची असावी असं माझ्या मनातही नाही. मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी, सगळ्या माध्यमांच्या संस्थांना हे पत्र आहे. माझ्याकडे संध्याकाळी येणाऱ्या बारांत चार जण घरी कन्नड बोलतात, दोघं उर्दू, एक कॅम्पातला कोंकणी बोलणारा. चेंडू मागताना ते कोणत्या भाषेत ओरडतात याकडे माझं लक्ष असतं. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याच्या भाषेत ओरडतात. हे मी त्यांना शिकवलेलं नाही. चार सेकंदांत चेंडू हवा असेल तर तसंच करावं लागतं.

मुलींचं विसरू नका. महिलांची आशियाई फुटसाल स्पर्धाही आहे, २०१५ आणि २०१८ या पहिल्या दोन्ही वेळा इराणच्याच मुलींनी ती जिंकली. आपल्याकडे सातवी-आठवीनंतर मुली मैदानावरून दिसेनाशा होतात. अंधार पडतो, रस्त्यावरचं मैदान उघडं, घरचे काळजी करतात. शाळेच्या आवारातला, दिवे असलेला, दार लावता येणारा हॉल असेल तर आया पाठवतात. मी तिघींना विचारलं, तिघी हो म्हणाल्या. दोन संध्याकाळींपैकी एक मुलींची असावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

माझ्या डोक्यात जे आहे ते असं. सुरुवातीला सहा-आठ संस्था पुरेत. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला सामने, चौदा वर्षांखालील आणि सतरा वर्षांखालील. वीस मिनिटांचे डाव मुलांना जड जातील, पंधरा-पंधरा मिनिटं पुरेत. घड्याळ थांबवायला आणि फाउल मोजायला अकरावी-बारावीची मुलं, त्यातूनच पंच तयार होतील. शेवटचा सामना तुमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या हॉलमध्ये, पालकांना बोलावून. ढाल, हारतुरे, व्यासपीठ यांवर खर्च नको, त्या पैशांत चार नंबरचे चेंडू घ्या. खानापूर, निपाणीच्या मुलांना दर वेळी बेळगावला यायला लावू नये, तिकडचे सामने तिकडच्याच हॉलमध्ये व्हावेत. खेड्यातल्या मुलाची शेवटची एसटी साडेसहाला असते, वेळापत्रक आखताना आधी तिचा विचार करावा.

चार महिने झाले की काय होईल ते मी छातीठोक सांगू शकत नाही. कदाचित आपल्यातला कुणी दहा वर्षांनी आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत निळी जर्सी घालून उभा असेल. तो आज सहावीत असेल आणि चपलांचा गोल मांडून खेळत असेल. निदान त्या पावसाळ्यात तो पायऱ्यांवर बसलेला नसेल, एवढं मी नक्की सांगतो.

पुढच्या शनिवारपासून मी एकेका संस्थेत येणार आहे. अर्ज पुन्हा लिहून आणतो. बरोबर दोन मुलं असतील, एकाच्या हातात तीस मीटरची टेप, दुसऱ्याच्या हातात वही. बाहेरच्या मैदानासाठी फक्कीची पिशवी आणि आतल्या फरशीसाठी रंगीत चिकटपट्टी आम्हीच आणू. मोजायला पाऊण तास लागेल. त्या दिवशी किल्ली कुणाकडे असेल, तेवढं आधी कळवून ठेवावं.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
बेळगाव